मुरूम, मुहूर्त आणि पारा

वाशीमच्या पद्मतीर्थाची एक आख्यायिका इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये नोंदवलेली आहे. वासुकी नावाच्या राजाला महारोग जडला होता. गावाबाहेरच्या एका डबक्यात त्याने अंघोळ केली आणि त्याची कातडी स्वच्छ झाली. मग राजाने डबक्याचं तळं बांधून काढलं आणि लोक तिथे स्नानाला येऊ लागले. याच गावाला, म्हणजे जुन्या वत्सगुल्माला, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त मन्मथाचं क्रीडास्थान म्हटलं आणि काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी गांधर्व लग्न इथेच लावून दिलं. वाकाटकांची राजधानी असलेलं हे गाव पुढे ‘बाशीम’ झालं. १९०५ मध्ये त्याचा जिल्हा मोडून गाव अकोल्यात गेलं आणि १ जुलै १९९८ ला जिल्हा परत मिळाला. राजे गेले, जिल्हे आले-गेले, पण कातडीची काळजी आणि लग्नाची घाई या दोन गोष्टी गावात टिकून आहेत. त्यांची गाठ हल्ली ब्यूटी पार्लरच्या आरशासमोर पडते.

मुरूम ही तशी कुणी गंभीरपणे घ्यावी अशी तक्रार नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर ते म्हणतं, वयच आहे, जाईल आपोआप. बऱ्याचदा जातोही. पण ज्या पोरीच्या गालावर तो दोन-तीन वर्षं ठाण मांडून बसतो, तिला घरातलं प्रत्येक माणूस एकेक उपाय सांगतं: टूथपेस्ट लाव, लिंबू चोळ, कडुनिंब खा, तळलेलं सोड, तोंड सारखं धू. यातला कुठला आयुर्वेद, कुठला शेजारणीचा आणि कुठला मोबाइलवरचा, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. सगळ्यावर ‘आयुर्वेदिक’ हाच शिक्का. म्हणून आधी ग्रंथात काय आहे ते बघू.

सुश्रुताने निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात, किरकोळ रोगांच्या यादीत, याला जागा दिली आहे. नाव मुखदूषिका. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडाने होणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या, एवढंच वर्णन. वाग्भटाने त्यात भर घातली ती अशी की या पुटकुळ्या घट्ट असतात, दुखतात आणि त्यांच्या पोटात मेद असतो. पुढे शार्ङ्गधराने तारुण्यपिटिका हा शब्द वापरला आणि तोच आपल्याकडे रुळला.

सावरीचा काटा ज्याने जवळून पाहिला नाही त्याला या वर्णनाची मजा कळायची नाही. वाशीमकडून मंगरूळपीरला किंवा मानोऱ्याकडे निघालं की माघ-फाल्गुनात पानं झडलेल्या, लालभडक फुलांनी डवरलेल्या काटेसावरी बांधाबांधाला दिसतात. फुलांकडे सगळे बघतात, खोडाकडे बघा. कोवळ्या झाडाच्या सालीवर काटे असतात, पण बाभळीसारखे सुईबाज नव्हेत. बूड रुंद, गोल, फुगीर. टोक तेवढं अणकुचीदार. अंगठ्याने एका बाजूने रेटला तर काटा बुडासकट सुटून हातात येतो आणि सालीवर एक गोल चट्टा राहतो. पिकलेला मुरूम नखाने फोडणाऱ्याला त्या चट्ट्याबद्दल वेगळं सांगायला नको.

या काट्याचं औषधही आहे. पुढच्या काळातल्या संग्रहग्रंथांत सावरीचे काटे दुधात वाटून तोंडाला लावायला सांगितले आहेत. तीन दिवसांत चेहरा कमळासारखा होतो, असं आश्वासनही सोबत आहे. मी ते सहाणेवर उगाळून पाहिलेत. वाळलेला काटा लाकडासारखा कडक. दुधाचे चार थेंब आणि बराच वेळ दिल्यावर तपकिरी, किंचित चिकट गंध उतरतो, आणि गालावर सुकला की कातडी ओढल्यासारखी होते. तुरट पदार्थाचा तो गुणच आहे. तीन दिवसांत कमळ मात्र होत नाही. जाहिरातीतली घाई आजचीच आहे असं समजायचं कारण नाही, एवढं त्या आश्वासनावरून कळतं.

शार्ङ्गधराचा लेप जास्त घरगुती आहे: लोध्र, धने आणि वेखंड. धने स्वयंपाकघरात असतातच, वेखंड बाळंतिणीच्या घरात. लोध्राची साल मात्र काष्ठौषधीच्या दुकानातून आणावी लागते, आणि पुडीतली साल लोध्राचीच आहे हे दुकानदाराच्या भरवशावर सोडावं लागतं. सुश्रुताच्या लेपात वेखंड आणि लोध्राबरोबर सैंधव आणि मोहरी आहे. या सगळ्या द्रव्यांकडे एकत्र पाहिलं तर विचार स्पष्ट दिसतो. तेलकटपणा शोषणारी, सूज उतरवणारी, कोरडी, तुरट-तिखट द्रव्यं. गोरेपणा देणारी नव्हेत. मोहरी आणि वेखंड नाजूक कातडीवर भाजतात, म्हणून माहितगार वैद्य आधी कानामागे लावून बघायला सांगतात आणि लेप पूर्ण सुकायच्या आत धुवायला लावतात.

पण लेपाचा क्रम ग्रंथात दुसरा आहे, आणि बाजाराने नेमकी तीच गोष्ट गाळली. सुश्रुताने मुखदूषिकेवर आधी वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं, सांगितलं, लेप त्यानंतर. वाग्भटाच्या परंपरेत वमनासोबत नस्य, म्हणजे नाकात औषध घालणं, आणि हट्टी दुखण्यात रक्तमोक्षण, म्हणजे रक्त काढणंही येतं. म्हणजे या लोकांच्या मते गालावर जे दिसतं त्याचं मूळ गालावर नाही. मेद वाढला, कफ वाढला, रक्त बिघडलं, आणि तारुण्याच्या भरात ते तोंडावर फुटलं. आधी आत आवरा, मग बाहेर लावा.

आजचं त्वचाशास्त्र याच दुखण्याची गोष्ट निराळ्या भाषेत सांगतं. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, त्यांच्या हुकमाने कातडीतल्या तैलग्रंथी जास्त तेल गाळतात, केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत ‘क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ नावाचा जिवाणू माजतो आणि शरीर त्याच्याशी लढताना सूज येते. वाग्भटाचा ‘पोटात मेद’ वाचून इथे टाळी वाजवण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याला तैलग्रंथी माहीत नव्हती. त्याने मुरूम फोडून पाहिला असणार आणि आत जे दिसलं ते लिहिलं. निरीक्षण म्हणून ते पक्कं आहे आणि तेवढंच श्रेय पुरेसं आहे.

वमन म्हणजे बोटं घालून ओकणं नव्हे. महाराष्ट्रातले पंचकर्म करणारे वैद्य वसंतात, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून, वासंतिक वमन करतात. सुरुवात तुपापासून होते. रोज सकाळी अनशापोटी औषधी तूप, पहिल्या दिवशी थोडं, मग वाढवत वाढवत, तीन ते सात दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तुपाच्या वासानेच मळमळतं आणि अर्धे तरुण तिथेच पळ काढतात. मग एक दिवस अंगाला तेल, शेक आणि मुद्दाम कफ वाढवणारं जेवण: दहीभात, उडदाचं काही, दूध. ज्या पदार्थांवर एरवी बंदी, ते त्या संध्याकाळी आग्रहाने. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर दूध पाजतात, गेळफळाचं चूर्ण मध-सैंधवात कालवून चाटवतात आणि मागून ज्येष्ठमधाच्या फांटाचे ग्लासांवर ग्लास. कपाळावर घाम येतो, पोट डुचमळतं, आणि उलट्यांचे वेग सुरू होतात. वैद्य शेजारी बसून वेग मोजतो, नाडी आणि रक्तदाब बघतो; शेवटी कडू पिवळं पित्त पडलं की झालं. त्यानंतर आठवडाभर जेवण पायरीपायरीने: आधी पेज, मग घट्ट भात, मग वरण, मग भाकर. या पायऱ्या मोडल्या तर सगळं मुसळ केरात, असं वैद्य बजावतात.

हे वाचूनच कळेल की वमन हा घरी करायचा, व्हिडिओ बघून करायचा प्रकार नाही. गरोदर बाई, हृदयाचा रुग्ण, अगदी अशक्त माणूस यांना तो ग्रंथांनीच वर्ज्य केलेला आहे. आणि दोन-चार फुटकुळ्यांसाठी एवढा खटाटोप कुठला शहाणा वैद्यही सांगत नाही. तो आधी प्रश्न विचारतो.

खरं तर ते प्रश्न हाच या शास्त्राचा सगळ्यात चांगला भाग आहे. भूक कधी लागते? पोट रोज साफ होतं का? झोपतेस किती वाजता? पाळीच्या आधी वाढतात का? दूध कशाबरोबर पितेस? डोक्याला तेल किती? बारावीच्या वर्गात बसणाऱ्या पोरीची उत्तरं ऐकली तर मुरूम का नाही येणार असं वाटावं. जिल्ह्यातली बरीच मुलं ‘नीट’च्या शिकवणीसाठी अकोल्याला राहतात. खानावळीचा मैदा आणि बटाटा, रात्री एक-दोनपर्यंत जागरण, सकाळी न खाता क्लास, मधे बिस्किटाचा पुडा आणि चहा, परीक्षेची धास्ती. घरी असताना ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि पालेभाजी होती. ती गेली, आणि जे आलं ते पुड्यातलं. आयुर्वेद याला निदान-परिवर्जन म्हणतो, म्हणजे कारणच काढून टाकणं. त्यात विकण्याजोगं काही नाही, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आहाराचा आणि मुरमांचा संबंध नाही, असं विसाव्या शतकात त्वचातज्ज्ञ बराच काळ सांगत होते. ती भूमिका आता सैल झाली आहे. २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खाणाऱ्या त्या १,२०० माणसांत मुरमांचा एकही रुग्ण सापडला नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवडे प्रयोग झाला. रक्तातली साखर झपाट्याने चढवणारं अन्न कमी केलेल्या गटाचे मुरूम जास्त घटले. बेटावरच्या लोकांचं रक्त वेगळं असू शकतं आणि ४३ मुलं म्हणजे जग नव्हे, हे खरंच. पण ‘पोटाचा काय संबंध’ असं आता कुणाला छातीठोक म्हणता येत नाही.

आयुर्वेदिक औषधांची परीक्षा आपल्याकडेही झाली आहे, आणि ती कहाणी फारशी कुणी सांगत नाही. १९९५ मध्ये पुण्याच्या परांजपे आणि कुलकर्णी यांचा अभ्यास एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. मुरमांचे ८२ रुग्ण, चार आयुर्वेदिक योग आणि पाचवी नुसती खोटी गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. निकाल असा की चारपैकी एकाच योगाने, सुंदर वटीने, मुरूम लक्षणीय कमी झाले. बाकीचे तीन खोट्या गोळीच्याच रांगेत बसले. ‘आयुर्वेदिक आहे म्हणजे गुण येणारच’ म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा: चारात एक. आणि ‘आयुर्वेदात काही नाही’ म्हणणाऱ्याने सुंदर वटीतली द्रव्यं बघावीत. कुडा, आवळा, वावडिंग आणि सुंठ. कुडा अतिसाराला, वावडिंग जंतांना, सुंठ भुकेला. चेहऱ्यावर जी गोळी चालली तिच्यातली बहुतेक सामग्री पोटाची आहे. एका लहान अभ्यासावर इमला बांधू नये हे मान्य, तरी वैद्य पोटापासून का सुरुवात करतो ते इथे दिसतं. गुग्गुळाबद्दलही असाच एक छोटा अभ्यास १९९४ चा आहे. गाठींचे मोठे मुरूम असलेल्या २० रुग्णांत गुग्गुळाचं सत्त्व आणि टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक यांचा गुण जवळपास सारखा आला. यानंतर शेकड्यांनी रुग्ण घेऊन, वर्ष-वर्ष पाठपुरावा करून अशा परीक्षा व्हायला हव्या होत्या. त्याऐवजी फेसवॉश आले.

दिवाळीचा अंक आहे, तर उटण्याचं बोलायला हवं. पहाटे तेल चोळून वरून उटणं लावायचं, यामागचा हिशेब वाग्भटाने नीट दिलेला आहे: उटणं कफ हटवतं, मेद विरघळवतं, अंग घट्ट करतं. वाळा, नागरमोथा, चंदन, आंबेहळद, कचोरा, संत्र्याची साल, अशी पुडी असते. यातल्या नागरमोथ्याबद्दल आमच्याकडच्या शेतकऱ्याला कुतूहल वाटायचं काही कारण नाही, कारण तो त्याचा लव्हाळा आहे. सोयाबीनच्या तासात उपटून उपटून कंटाळा येतो आणि शेवटी तणनाशक फवारावं लागतं. तीच गाठ वाळवून, दळून, सुगंधी होऊन पार्लरमधून परत येते तेव्हा तो ओळखतही नाही. असो. सुजलेल्या, पू धरलेल्या मुरमावर उटणं घासू नये. खरखरीत चोळण्याने मुरूम फुटतात, पसरतात आणि डाग पडतात. अंगाला उटणं, तोंडाला फक्त पाण्यात कालवून हलका हात, एवढं पुरे. आणि ज्याच्या कपाळावर बारीक पुरळ आहे त्याने नरकचतुर्दशीला खोबरेल तेल कपाळापर्यंत ओघळू देऊ नये. खोबरेल रंध्रं बुजवतं.

हळदीचंही तसंच. रिसोड-वाशीमच्या पट्ट्यात हळद पिकते, शेजारी हिंगोली-वसमत आहेच, त्यामुळे इथे हळदीवर श्रद्धा ठेवायला आड येणारं काही नाही. हळद सूज उतरवते यात शंका नाही. पण दुकानातली पिवळीधमक पूड आणि घरी शिजवून, वाळवून, दळलेली हळद यांत फरक आहे. रंग चढवण्यासाठी हळदीत शिशाचा पिवळा रंग मिसळण्याचे प्रकार आपल्याकडे आणि बांगलादेशात उघडकीला आले आहेत. चेहऱ्याला लावायची हळद हळकुंड आणून सहाणेवर उगाळलेली बरी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. आमच्या जुन्या जिल्ह्यात, अकोल्यात घडलेली. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत बातमी आली की अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी, शिकणारी तरुण मुलगी, तिची आई आणि मोठी बहीण, यांना एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार झाला. एकाच घरात तिघींना, म्हणून डॉक्टरांना संशय आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं. तिघी एका ब्यूटिशियनकडून घेतलेली तोंडाला लावायची क्रीम वापरत होत्या. केईएमच्या आयुर्वेद प्रयोगशाळेत तिघींची प्रसाधनं तपासली गेली आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला, कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट. प्रसाधनात नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे.

पारा चेहऱ्याला का घालतात? कातडीत रंगद्रव्य तयार होण्याच्या मार्गातला एक विकर पारा रोखतो, त्यामुळे डाग फिके पडतात आणि चेहरा आठ-पंधरा दिवसांत उजळतो. गुण डोळ्यांना दिसतो. पण पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो, तिथल्या गाळण्या गळायला लागतात, लघवीतून प्रथिनं जातात, तोंड-पाय सुजतात. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही २०२३ मध्ये अशाच क्रीम वापरणाऱ्यांत हा विकार सापडला. अशा डब्यांवर बहुधा निर्मात्याचा पत्ता नसतो, घटक लिहिलेले नसतात. लग्न ठरलेली पोरगी डाग घालवायला जाते, आणि तिच्या हाती येतो तो गोरेपणा.

इथे आयुर्वेदवाल्यांनीही अंग चोरू नये. मुरमांवर सर्रास दिली जाणारी आरोग्यवर्धिनी घ्या. तिच्यात कुटकी अर्ध्याला अर्धी, त्रिफळा, शिलाजीत, गुग्गुळ, चित्रक आणि त्यासोबत पारा-गंधकाची कज्जली आहे. वैद्यांचं म्हणणं असं की शुद्ध करून गंधकाशी खलला गेलेला पारा वेगळा, आणि क्रीममधला क्षार वेगळा. रसायनशास्त्र याला अंशतः दुजोरा देतं. पारा-गंधकाचं संयुग पाण्यात जवळपास विरघळत नाही. पण वेल्लोरच्या डॉक्टरांनी पारंपरिक औषधं घेणाऱ्यांत याच प्रकारचा मूत्रपिंडविकार नोंदवला आहे, आणि २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीत पाचांत एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. विषारी यादीतलं द्रव्य असलेल्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरात असते. दुकानदार वाचत नाही, घेणारा वाचत नाही, आणि ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून पोरगी सहा-सहा महिने गोळ्या घेत राहते. अशा गोळ्यांचा काळ ठरलेला असावा, लघवी-रक्त तपासलेलं असावं, एवढी अपेक्षा ठेवायला ग्रंथाची आडकाठी नाही.

पाऱ्याइतकाच, किंबहुना जास्त, धुमाकूळ स्टिरॉइडच्या ट्यूबने घातला आहे. ती तर सरळ मेडिकलमधून मिळते: एका ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक. लावली की चार दिवसांत लाली जाते, चेहरा साफ. थांबवली की दुप्पट उसळतं, म्हणून परत लावायची. वर्षभरात कातडी कागदासारखी पातळ, उन्हात भाजणारी, गालावर लाल शिरांचं जाळं, ओठावर लव आणि नव्याने भरगच्च मुरूम. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश काढला. तालुक्याच्या गावी चिठ्ठी कोण मागतं, हे ज्याने एकदा ट्यूब घेतली त्याला माहीत आहे. अशा चेहऱ्यावर मग कुंकुमादी तेल लावा नाहीतर लोध्राचा लेप, आगच होते, आणि बदनाम लेप होतो.

माझं मत विचाराल तर दोन-चार मुरूम असतील तर झोप, पोट आणि ताट आधी सुधारावं. त्यासाठी वैद्याचीच गरज आहे असं नाही, पण चांगला वैद्य असेल तर तो हे नीट सांगतो. मोठ्या गाठी, खड्डे पडणारे मुरूम, पाळीची अनियमितता, हनुवटीवर केस असं काही असेल तर त्वचातज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ गाठावा. खड्डे पडून गेल्यावर कुठल्याच पॅथीकडे ते भरायचा स्वस्त उपाय नाही. त्वचातज्ज्ञाकडे मिळणारी आयसोट्रेटिनोइनची गोळी गुणकारी आहे, पण गर्भावर तिचे भयंकर परिणाम होतात, त्यामुळे लग्नाच्या तोंडावर ती घेणारीने डॉक्टरला मुहूर्ताची तारीख सांगायलाच हवी. बिनपत्त्याची पांढरी डबी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नये, मग विकणारी आपल्या मावशीची मैत्रीण का असेना.

आणि वेळ. पार्लरवाली बाई असो, वैद्य असो की त्वचातज्ज्ञ, तिघांचीही एक तक्रार समान आहे: लोक हळदीच्या तीन आठवडे आधी येतात. कातडीचा वरचा थर नवा व्हायलाच महिनाभर लागतो. बेंझॉइल पेरॉक्साइड असो, अडापालीन असो की मंजिष्ठेचा काढा, आठ ते बारा आठवड्यांच्या आत कशाचाच हिशेब मांडता येत नाही. उरलेल्या तीन आठवड्यांत चमत्कार करून दाखवणारी वस्तू पाऱ्याची असते किंवा स्टिरॉइडची. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. ज्यांच्या घरी माघ-फाल्गुनातली तारीख धरली आहे त्यांनी हा अंक मिटून आजच खानावळीचा डबा बदलावा. कार्तिकातल्या मुहूर्ताला आता उशीर झालेला आहे. तिथे फोटोग्राफरला चार पैसे जास्त द्या.